पाणी येण्याआधी घरातले फोन तयार करा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड या भागांत पूर नवा नाही. नवं आहे ते आपलं फोनवरचं अवलंबन. नातेवाइकांचे नंबर फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, सातबारा फोनमध्ये, डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा फोनमध्येच. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. वीज गेली, मोबाइल टॉवर बंद पडले आणि माणसं वरच्या मजल्यांवर अडकून राहिली. ज्या घडीला फोन सगळ्यांत जास्त हवा, त्याच घडीला तो निकामी होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, हे त्या दिवशी दिसलं.

म्हणून ही तयारी करताना दोन गोष्टी धरून चाला. जे काही कराल ते इंटरनेट नसतानाही उपयोगी पडलं पाहिजे. आणि ते घरातल्या सगळ्यांत कमी फोन वापरणाऱ्या माणसाला जमलं पाहिजे. घरातला एक मुलगा सगळं जाणतो आणि तो पुण्याला नोकरीला आहे, अशी अवस्था असेल तर त्या घराची तयारी झालेली नाही.

हे सगळं करायला एखाद्या रविवारची दुपार आणि नंतर थोडा सराव पुरतो. रोहिणी नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात हे करून टाका. मृगाचा पाऊस सुरू झाला की शेतीच्या कामांत आणि शाळेच्या गडबडीत ते राहून जातं.

पायरी १: घरातले फोन समोर मांडा

सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाचा फोन हातात घेऊन बघा. कोणाकडे कोणत्या कंपनीचं सिम आहे? चौघांचे फोन एकाच कंपनीचे असतील तर तो टॉवर बंद पडल्यावर चौघेही एकदमच संपर्काबाहेर जातात. निदान एक सिम दुसऱ्या कंपनीचं असू द्या. मोठ्या आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरता येईल अशी सोय दूरसंचार विभाग सुरू करतो. तिचा लाभ मिळावा म्हणून सेटिंगमधली नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

आजीचा बटणांचा फोन टाकून देऊ नका. त्याची बॅटरी कित्येक दिवस टिकते, आणि बहुतेक अशा फोनांत एफएम रेडिओ असतो. काही फोनांत इअरफोनची वायर जोडल्याशिवाय रेडिओ लागत नाही, कारण तीच वायर अँटेनाचं काम करते. तेव्हा ती वायर फोनजवळच ठेवा. इंटरनेट गेल्यावर जिल्ह्यात काय चाललंय हे आकाशवाणीवरून कळतं.

आणखी एक तपासणी लोक हमखास विसरतात. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे? आजोबांच्या आधारला कधीकाळी बंद झालेला नंबर जोडलेला असेल, तर ओटीपी येणार नाही आणि पुढे सांगितलेली कागदपत्रांची सोय त्यांच्यासाठी चालणार नाही. नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागू शकतं, म्हणून हे काम सगळ्यांत आधी सुरू करा.

जाताजाता प्रत्येक फोनवर *#०६# दाबा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसेल, तो वहीत लिहून ठेवा. धावपळीत फोन हरवला किंवा चोरीला गेला तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद करून घेताना हा क्रमांक लागतो.

पायरी २: क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही

हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये मराठी नावानं साठवा:

- ११२: पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, कोणत्याही संकटात
- १०८: रुग्णवाहिका
- १०७७: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
- १९१२: वीज
- १९०६: गॅसगळती
- १९१६: मुंबईत राहणाऱ्यांसाठी महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष

१०७७ सोबत आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा एसटीडी कोडसह पूर्ण दूरध्वनी क्रमांकही लिहून घ्या. दरवर्षी पावसाळ्याआधी जिल्हा प्रशासन तो जाहीर करतं. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील किंवा आपल्या प्रभागाच्या कार्यालयाचे नंबरही घ्या. गावात होडी किंवा ट्रॅक्टर कुठे पोचवायचा हे शेवटी हीच माणसं ठरवतात.

आपल्या सिमची रेंज गेली असली तरी ११२ चा कॉल जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. त्यामुळे ‘रेंज नाही’ असं दिसलं तरी एकदा लावून पाहा.

मग हेच सगळे नंबर आणि घरच्यांचे नंबर एका कागदावर ठळक अक्षरांत लिहा, लॅमिनेट करून घ्या. एक प्रत देव्हाऱ्याजवळ किंवा फ्रिजवर, एक पाकिटात आणि एक मुलांच्या दप्तरात. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून दोन नंबर तोंडपाठ करून घ्या, एक आई-वडिलांपैकी कोणाचा आणि एक बाहेरगावच्या नातेवाइकाचा. मुलांना पाढे पाठ होतात, नंबरही होतात.

पायरी ३: कुलूप लावलेल्या फोननंही बोललं पाहिजे

माणूस बेशुद्ध असेल तर त्याचा फोन उघडणार कोण? अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ असा भाग असतो. तिथे रक्तगट, आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि कोणाला कळवायचं त्यांचे नंबर भरा. आयफोनमध्ये हेच ‘हेल्थ’ ॲपमधल्या ‘मेडिकल आयडी’त भरता येतं. तिथे कुलूप असतानाही माहिती दिसण्याचा पर्याय चालू करायला विसरू नका. मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर औषधाचं नाव आणि मात्रा दोन्ही लिहा. नुसतं ‘बीपीची गोळी’ लिहून डॉक्टरांना काही कळत नाही.

त्याच भागात आणीबाणीच्या कॉलचं बटण असतं. पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की मदतीचा कॉल जातो. काही फोनांत तीनदा दाबावं लागतं, काहींत पाचदा. आपल्या फोनमध्ये कसं आहे ते सेटिंगमध्ये वाचा आणि घरातल्यांना दाखवा, पण सराव म्हणून खरा कॉल लावू नका.

पायरी ४: इशारा कुठून घ्यायचा आणि त्याचा अर्थ काय

ही पायरी सावकाश करा, कारण घराचं खरं रक्षण इथे होतं.

सगळ्यांत आधी फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायरलेस आणीबाणी सूचना’ चालू आहेत का ते बघा. २०२३ मध्ये देशभर अनेकांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले होते आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला होता, ती हीच यंत्रणा. या संदेशाला इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही, तुमचा नंबरही कुठे नोंदवावा लागत नाही. त्या टॉवरच्या टप्प्यातल्या फोनांवर तो थेट येतो. चाचणीच्या वेळी घाबरून अनेकांनी ही सोय बंद केली. तुम्हीही केली असेल तर आज चालू करा.

त्यानंतर ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ॲप घ्या. मराठीत चालतं, आणि आपला जिल्हा निवडला की तिथले अधिकृत इशारे येतात. लेक मुंबईला आणि आई-बाबा शिरोळला असतील, तर लेकीनं आपल्या फोनवर दोन्ही ठिकाणं ठेवावीत. हवामानासाठी हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप आहे. शेतात काम करणाऱ्यांसाठी, विशेषतः मराठवाडा-विदर्भात, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अगदी गरजेचं. ते आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता सांगतं. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू हवं. दामिनीचा इशारा आला की झाडाखाली आसरा घेऊ नका, पक्क्या घरात जा.

हवामान विभागाचे रंग घरात सगळ्यांना माहीत हवेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. ‘अतिवृष्टी’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण आकडे ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यावरून अंदाज घ्या.

पण नदीकाठच्या माणसाला मिलिमीटरपेक्षा फूट जास्त कळतात. आमच्याकडे पावसाळ्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘राजारामला किती?’ किंवा ‘आयर्विनला किती?’ कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर आणि कोल्हापुरात ५५ फुटांच्या वर गेलं होतं. केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲपवर नद्यांची पातळी आणि अंदाज दिसतात, आणि जिल्हा माहिती कार्यालय पावसाळ्यात ताजे आकडे प्रसिद्ध करतं. कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग चालू आहे हेही त्यासोबत पाहा. धरणातून सुटलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या हातात असतो.

या आकड्यांचं आपल्या घराच्या भाषेत रूपांतर करून घ्या. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं? किती फुटांना गावाचा रस्ता बंद होतो? किती फुटांना उंबरा भिजतो? गल्लीतल्या जुन्या माणसांना हे आकडे पाठ असतात. त्यांना विचारा, वहीत लिहा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. नव्यानं भाड्यानं राहायला आलेल्यांनी तर हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावं.

कोकणात याच्या जोडीला भरतीची वेळ पाहावी लागते. खाडीला भरती असताना नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, ते मागे तुंबतं. चिपळूण-महाडकरांनी आणि मुंबईकरांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पावसाळाभर फोनमध्ये ठेवावं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘धरण फुटलं’, ‘सगळे दरवाजे उघडले’ अशा संदेशांचं काय करायचं, हेही आधीच ठरवा. आमच्या घरचा नियम असा की जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका किंवा सचेतवर दिसल्याशिवाय असा संदेश पुढे पाठवायचा नाही. २०१९ चा व्हिडिओ २०२४ मध्ये ‘आत्ताचा’ म्हणून फिरला तर नुसती धावपळ वाढते.

भूकंपाचं वेगळं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचा इशारा देणारी सोय आहे, ती चालू ठेवा. पण मिळाला तर तो इशारा काही सेकंदांचा असतो. तेवढ्यात करायचं ते एकच, मजबूत टेबलाखाली शिरून डोकं झाकायचं.

पायरी ५: कधी निघायचं ते आज ठरवा

इशारे कितीही चांगले असले तरी घरात एकमत नसेल तर पाय निघत नाही. म्हशी कशा सोडायच्या, दुकानातला माल कोण बघणार, मागच्या वेळी तर पाणी इथवर आलंच नव्हतं, या बोलण्यात रात्र जाते. म्हणून घराचे दोन आकडे ठरवा. पहिला आकडा आला की म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई आणि जनावरं हलवायची. दुसरा आला की उरलेल्या सगळ्यांनी निघायचं. हे आकडे धोका पातळीच्या बरेच खाली असावेत. सांगलीत ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये लोकांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि कित्येक जीव गेले. रस्ता कोरडा असताना स्वतःच्या पायानं निघणं कधीही बरं.

घराचा एक व्हॉट्सॲप गट करा, फक्त घरच्यांचा, आणि त्यात सुप्रभातचे संदेश टाकायचे नाहीत असं ठरवा. गटाच्या वर्णनात निघायचे आकडे, जायचं ठिकाण आणि बाहेरगावच्या माणसाचा नंबर लिहा. बाहेरगावचा माणूस म्हणजे पूरक्षेत्राबाहेर राहणारा असा नातेवाईक, जो फोन उचलतो आणि शांत राहतो. पुण्याची मावशी चालेल, बंगळुरूचा भाचा चालेल, दुबईचा चुलतभाऊही चालेल. ताटातूट झाली तर सगळ्यांनी एकमेकांना शोधत बसण्यापेक्षा त्या एका माणसाला कळवायचं, आणि त्यानं सगळ्यांची वही ठेवायची.

नेटवर्क अशक्त असताना कॉल लागत नाहीत, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला क्षणभराची रेंज पुरते. त्यात काय लिहायचं हेही ठरवून ठेवा: कोण, कुठे, किती जण, कोणाला इजा, फोनची बॅटरी किती, पुढे कुठे जाणार. उदाहरणार्थ, ‘सुनिता. हायस्कूल, वरचा मजला. ५ जण, सगळे बरे. बॅटरी ४०. इथेच थांबतोय. पुन्हा ६ वाजता कळवते.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पुढच्या संदेशाची वेळ माहीत असली की मधल्या काळात कोणी सतत फोन करून बॅटरी संपवत नाही.

इंटरनेट चालू असेल तर व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास पाठवता येतं. त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. एका जागी थांबलेल्या माणसानं एकदाच सध्याचं ठिकाण पाठवावं, लाइव्ह फक्त प्रवासातल्यानं.

पायरी ६: नकाशा उतरवून घ्या

गूगल मॅप्समध्ये आपला तालुका आणि जायच्या ठिकाणापर्यंतचा पट्टा ‘ऑफलाइन नकाशे’मध्ये उतरवून ठेवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नेट गेलं तरी त्या नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसतं. आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. तेच आकडे एसएमएसनं पाठवले तर बचाव पथकाला ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ शोधत फिरावं लागत नाही. हा नकाशा अधूनमधून ताजा करावा लागतो.

पायरी ७: कागदपत्रं

आधार, पॅन, वाहन परवाना, गाडीची आरसी, गुणपत्रिका सरकारच्या ‘डिजिलॉकर’ ॲपमध्ये आणा. तिथे सरकारी खात्यानं दिलेली प्रत कायद्यानं मूळ कागदाइतकीच मान्य आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही काढून ठेवा. मात्र डिजिलॉकर उघडायला इंटरनेट लागतं, म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ फोनमधल्या कुलूपबंद फोल्डरमध्ये उतरवा आणि एक संच पेन ड्राइव्हवर बाहेरगावच्या माणसाकडे ठेवा. आधारची प्रत द्यायची वेळ आली तर आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. गटात आधारचे फोटो टाकू नका.

बँक पासबुकचं पहिलं पान, विमा पॉलिसी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, यांचे फोटो काढा. जनावरं असतील तर प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक वाचता येईल असा फोटो घ्या, भरपाईच्या वेळी तो विचारला जातो. आणि एकदा फोन हातात धरून घरभर फिरा, प्रत्येक खोलीचा, कपाटातल्या वस्तूंचा व्हिडिओ काढा. बोलत बोलत काढा: हा फ्रिज, हे शिलाई मशीन, ही मोटार.

पायरी ८: बॅटरी

दहा हजार एमएएच लिहिलेली पॉवर बँक प्रत्यक्षात त्याच्या साधारण दोनतृतीयांश एवढंच फोनला देते. म्हणजे आजचा मोठ्या बॅटरीचा एक फोन एकदा आणि वर थोडा. चार माणसांच्या घराला दोन हव्यात. महिन्यातून एकदा त्या भरून घ्या, नाहीतर ऐनवेळी रिकाम्या निघतात. योग्य वायरी त्यांच्यासोबतच, सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत.

नारंगी इशारा आला की सगळे फोन पूर्ण चार्ज करा. वीज गेल्यावर एकाच वेळी एकच फोन चालू ठेवायचा, बाकीचे बंद. कमजोर रेंजमध्ये फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी खातो, म्हणून चालू फोनही विमान मोडवर ठेवून ठरलेल्या वेळी पाच मिनिटं उघडायचा.

फोनमधल्या पैशांवर विसंबू नका. टॉवर गेला की यूपीआय गेलं. दोन-तीन दिवसांच्या खर्चाएवढ्या सुट्ट्या नोटा त्याच पिशवीत ठेवा.

पायरी ९: एक संध्याकाळ सराव

घरातलं वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा आणि आजीला सांगा, ‘बाहेरगावच्या मावशीला कळव.’ नंबर सापडतो का? एसएमएस लिहिता येतो का? अक्षरं दिसतात का? जिथे अडेल तिथे ते सोपं करा: अक्षरं मोठी करा, मावशीचा नंबर पहिल्या पडद्यावर फोटोसह आणा, बटणांच्या फोनवर एका आकड्याला जोडा. मग दहा वर्षांच्या मुलाला नकाशावर आपलं ठिकाण शोधायला लावा. दिवे घालवून केलं तर मुलांना मजा येते आणि मोठ्यांना अडचणी कळतात.

पायरी १०: पाणी ओसरल्यावर

पहिला एसएमएस बाहेरगावच्या माणसाला. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. मीटरला पाणी लागलं असेल तर महावितरणच्या माणसानं पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नका. पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका, इंजिनात पाणी असेल तर ते मोडतं आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

झाडलोट करण्याआधी फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली, कोणत्या वस्तू भिजल्या, हे तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल अशा कॅमेरा ॲपनं टिपा. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत हेच तुमचं म्हणणं. आधी काढलेला घराचा व्हिडिओ आता शेजारी ठेवून दाखवता येतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा आणि त्याचाही फोटो घ्या.

याच दिवसांत ‘पूरग्रस्तांना मदत, इथे दाबा आणि ओटीपी सांगा’ असे संदेश येऊ लागतात. पंचनाम्याचे पैसे बँक खात्यात येतात, त्यासाठी कोणालाही फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही. आजी-आजोबांना हे नाव घेऊन, दोनदा सांगा.